ठिगळांचा इतिहास : मुक्तस्रोत प्रकल्पात हातभार लावण्याची रीत कशी घडली?

१/१२ #थ्रेड #इतिहास
मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स, प्रकल्पात योगदान देऊ पाहणाऱ्याच्या हाती प्रथम नियमांची यादी पडते : बदल लहान ठेवा, कारण लिहा, खाली सही करा, तपासणीची वाट पाहा. हे नियम कोरडे वाटतात. पण त्यांतील अनेकांमागे एखादा खराखुरा पेच उभा आहे. लिनक्सच्या उदाहरणातून तो पाहू.

२/१२
२५ ऑगस्ट १९९१. हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने 'मिनिक्स' ही प्रणाली वापरणाऱ्यांना कळवले की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत आहोत. मिनिक्समधले काय आवडते, काय खटकते, ते सांगा. सप्टेंबरात ०.०१ ही आवृत्ती आली. सुमारे १० हजार ओळींची. सहभागाचा आरंभ असा एका प्रश्नातून झाला.

३/१२
पहिल्या परवान्यात लिनक्सच्या वितरणासाठी पैसे घेण्यास मनाई होती. १९९२ मध्ये टोरवाल्ड्सने जीपीएल हा परवाना स्वीकारला. त्यानुसार कोणीही प्रत घ्यावी, बदलावी, विकावीही. मात्र बदललेली प्रत इतरांना देताना तिचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा. आपले श्रम पुढे कोणाच्या कुलपात जाणार का, हे परवानाच ठरवतो. म्हणून तो आधी वाचावा.

४/१२
योगदानाचे एकक म्हणजे 'पॅच', अर्थात ठिगळ. हा शब्द अलंकारिक नाही. जुन्या संगणकांना आज्ञा छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून दिल्या जात. चुकीचे छिद्र बुजवण्यासाठी त्यावर खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवीत.

५/१२
१९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये 'डिफ' तयार झाले : दोन फायलींतील फरक तेवढा दाखवणारे साधन. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पॅच' लिहिले. ते हा फरक मूळ फाइलवर आपोआप चढवते. आता संपूर्ण फाइल पाठवण्याचे कारण उरले नाही. काढलेल्या ओळी, घातलेल्या ओळी आणि आजूबाजूचा थोडा संदर्भ पुरेसा झाला. बदल लहान असला, तर तो दुसऱ्याला वाचून पारखता येतो.

६/१२
पण पारखणारा एकच असेल तर? १९९८ च्या सुमारास टोरवाल्ड्सकडे येणारे पॅच त्याच्या आवाक्याबाहेर गेले. काही हरवत, काही पुन्हा पुन्हा पाठवावे लागत; वाद विकोपाला गेले. आज प्रत्येक विभागाला आपला मेंटेनर असतो आणि त्यांची यादी कर्नलच्या कोडसोबतच मिळते. योग्य व्यक्तीला पाठवणे हा निम्मा मार्ग आहे, आणि मौन म्हणजे नकारच असे नव्हे.

७/१२
२००२ पासून बदलांची नोंद ठेवण्यासाठी 'बिटकीपर' हे खासगी मालकीचे साधन वापरात आले. अनेकांना ते रुचले नव्हते. २००५ मध्ये त्याच्या विनामूल्य वापराची मुभा संपली. एप्रिलमध्ये टोरवाल्ड्सने 'गिट' लिहायला घेतले आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा इतिहास गिटमध्येच नोंदला जाऊ लागला. बदल लिहिणारा कोण आणि तो नोंदवणारा कोण, या दोन गोष्टी गिट वेगळ्या ठेवते.

८/१२
दरम्यान २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला. आरोप असा की युनिक्सचा कोड लिनक्समध्ये शिरला आहे. अमुक ओळ कोठून आली? इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा आहे : हा कागद कोणाच्या हातून आला?

९/१२
२००४ मध्ये उत्तर सापडले : 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ. तिचा अर्थ, हे मी लिहिले आहे किंवा हे देण्याचा मला अधिकार आहे. पॅच पुढे सोपवणारा प्रत्येक जण तिच्याखाली आपली ओळ जोडतो. हस्तांतराची साखळी अशी दस्तऐवजातच उमटते.

१०/१२
तरीही सही म्हणजे सचोटी नव्हे. मिनेसोटा विद्यापीठातील काही संशोधकांनी तपासणीची परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम सदोष पॅच पाठवले होते. एप्रिल २०२१ मध्ये ज्येष्ठ मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे योगदान थांबवले. तेथून पूर्वी आलेले बदल पुन्हा तपासावे लागले. त्यांत प्रामाणिक बदलही होते. विश्वास मोडला की त्याची किंमत इतरांनाही मोजावी लागते.

११/१२
मग आरंभ कोठून करावा? दोष आढळल्यास तो पुन्हा कसा घडवता येईल, ते पायरीपायरीने कळवावे. अपुरे दस्तऐवजीकरण सुधारावे. भाषांतर करावे, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीत वापरता येतात, ते अशाच श्रमांमुळे. कोड पाठवल्यास संदेशात 'काय बदलले' याहून 'का बदलले' हे अधिक स्पष्ट लिहावे. आक्षेप आले, तर दुरुस्त करून दुसरी आवृत्ती पाठवावी.

१२/१२
आणि त्याआधी एक काम : ज्या फाइलला हात लावायचा आहे, तिचा गिटमधील इतिहास वाचावा. लिनक्सच्या भांडारात एप्रिल २००५ पासून स्वीकारलेले बदल नावानिशी, कारणांसह उपलब्ध आहेत. आधीच्यांनी तेथे काय केले आणि का केले, हे कळल्यावर आपले पहिले ठिगळ नेमके कोठे लावायचे, तेही उमगते.