तंजावरच्या मराठी राज्यातील ल्यूथरपंथ

कोकणपट्टीतला ख्रिस्ती धर्माचा जुना इतिहास मुख्यतः पोर्तुगीज सत्तेचा आणि रोमन कॅथलिक पंथाचा आहे. ल्यूथरपंथाशी मराठी राजघराण्याचा निकटचा संबंध आला तो मात्र दूर तमिळ देशात, शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी स्थापलेल्या तंजावरच्या राज्यात.

हा पंथ जर्मन धर्मशास्त्री मार्टिन ल्यूथर याच्या नावाने ओळखला जातो. पापाच्या शिक्षेत सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीवर त्याने 1517 मध्ये विटेनबर्ग येथे 95 प्रतिपादने मांडली आणि त्या वादातून रोमच्या चर्चशी त्याची फारकत झाली. मनुष्याचा उद्धार त्याच्या पुण्यकर्मांनी नव्हे, तर देवाच्या कृपेने व केवळ श्रद्धेने होतो, आणि धर्माच्या बाबतीत अंतिम प्रमाण बायबल हेच, पोप नव्हे, ही त्याच्या शिकवणीची मुख्य सूत्रे होत. 1530 च्या ‘ऑग्सबर्ग कबुलीजबाबा’त ही मते ग्रथित झाली, त्यात प्रभुभोजनाच्या संस्कारात ख्रिस्ताचे शरीर व रक्त खरोखरच उपस्थित असते, असे म्हटले आहे. धर्मग्रंथ प्रत्येकाला स्वभाषेत वाचता यावा म्हणून ल्यूथरने बायबलचा जर्मन अनुवाद केला, आणि त्यामुळे हा पंथ जिथे गेला तिथे शाळा व छापखाना त्याच्या पाठोपाठ गेले.

1536 मध्ये डेन्मार्कने हा पंथ राजधर्म म्हणून स्वीकारला. तंजावरच्या नायक राजाकडून डेन लोकांना 1620 मध्ये मिळालेले तरंगमबाडी बंदर पुढे मराठ्यांच्या राज्याला लागून राहिले. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने धाडलेले झिगेनबाल्ग व प्लुट्शाउ हे दोन जर्मन धर्मोपदेशक 9 जुलै 1706 रोजी तिथे उतरले, तेव्हा तंजावरच्या गादीवर व्यंकोजींचे पुत्र शहाजी होते. झिगेनबाल्गने तमिळ आत्मसात करून शाळा काढल्या, आणि त्याने केलेला नव्या कराराचा तमिळ अनुवाद 1715 पर्यंत तिथल्याच छापखान्यात छापून झाला. भारतीय भाषेतील ग्रंथमुद्रणाच्या इतिहासात या कामाचे मोल फार मोठे आहे.

मराठी दरबाराशी मात्र हा संबंध खऱ्या अर्थाने जुळला तो ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झमुळे. 1750 मध्ये तरंगमबाडीस आलेला हा धर्मोपदेशक तमिळबरोबर मराठीही शिकला, आणि त्याच्या सचोटीवर लोकांचा विश्वास इतका होता की 1779 मध्ये मद्रासच्या इंग्रज सरकारने हैदरअलीकडे बोलणी करण्यासाठी त्यालाच पाठवले. 1787 मध्ये मृत्युशय्येवरील तुळजाजी राजांनी आपला लहानगा दत्तकपुत्र सरफोजी याचा सांभाळ त्याच्यावर सोपवला. पुढे तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांच्या कारकिर्दीत सरफोजींचा हक्क डावलला गेला, तेव्हा श्वार्ट्झने त्यांची बाजू शेवटपर्यंत लावून धरली. 1798 मध्ये सरफोजी गादीवर आले, परंतु त्याच वर्षी फेब्रुवारीत श्वार्ट्झचे निधन झाले होते.

सरफोजींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. आपल्या कुलधर्मात राहूनच त्यांनी गुरूविषयीची कृतज्ञता जपली आणि इंग्लंडमधील शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून श्वार्ट्झचे संगमरवरी स्मारक घडवून घेऊन ते तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. त्यांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला, तिथे इसापच्या कथांचा ‘बालबोध मुक्तावली’ हा मराठी अनुवाद 1806 मध्ये छापला गेला, आणि सरस्वती महाल ग्रंथालयाला समृद्ध रूप दिले. या ज्ञानप्रेमाचे सगळे श्रेय श्वार्ट्झला देणे अन्यायाचे ठरेल, कारण तंजावरच्या भोसले दरबाराला विद्येची स्वतःची मोठी परंपरा होती. तरी छापील पुस्तक आणि शाळा यांचे महत्त्व सरफोजींना बालपणीच उमगले, यात त्या गुरूचा वाटा निश्चित आहे.

तंजावरची मंडळी म्हणजे तिथला ख्रिस्ती उपासकसमुदाय एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या अँग्लिकन संस्थेकडे गेला, आणि चर्चमध्ये जातवार बसण्याच्या प्रथेवरून नव्या धर्मगुरूंशी त्याचा कडवा वाद झाला. श्वार्ट्झचा शिष्य आणि सरफोजींच्या दरबारातील तमिळ कवी वेदनायगम शास्त्री हा त्या वादात जुन्या रीतीच्या बाजूने उभा राहिला. तरंगमबाडीची परंपरा मात्र ल्यूथरपंथीयच राहिली. जर्मनीतील लाइपझिग मिशनने ती पुढे चालवली आणि 1919 मध्ये तिच्यातून तमिळ इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च हे स्वतंत्र भारतीय चर्च उभे राहिले.