कंदिलाची काच चुलीवर चढते

श्रोतेहो, ज्यांनी घरात कंदील वापरला आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. पेटता कंदील घेऊन पावसात गोठ्याकडे निघावे, वाऱ्याबरोबर एक तिरपी सर यावी आणि तापलेल्या काचेवर चार थेंब पडताच ती टचकन तडकावी. मग घरात बोलणी कोणाला बसतात ते सांगायला नको! थेंब पडतो तेथे काच आकसते, शेजारची तापलेली काच फुगलेलीच राहते. तांब्या-पितळेत उष्णता चटकन सगळीकडे पसरते, काचेत ती रेंगाळते. या ओढाताणीत काचेला भेग जाते.

आता काही घरांत काचेच्या पातेल्यात भाजी शिजते, आणि ते पातेले ज्या विजेच्या शेगडीवर ठेवतात तिचा माथाही काचेसारखाच काळा, गुळगुळीत असतो. काच विस्तवावर चढली कशी? गंमत अशी की ही हकिकत स्वयंपाकघरात सुरू होत नाही. ती दिव्यापासूनच सुरू होते.

जर्मनीतल्या येना गावी ऑटो शॉट या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ साली अर्न्स्ट आबे आणि कार्ल झाइस यांच्या साथीने काचेची प्रयोगशाळा काढली. साधी काच वाळू, सोडा आणि चुना यांची. शॉटने काचेत बोरॉन मिसळून पाहिले. आपला टाकणखार असतो ना, त्यातले हे द्रव्य. या बोरोसिलिकेट काचेचा गुण काय? साध्या काचेची एक मीटर लांब पट्टी शंभर अंश तापवली तर सुमारे नऊ दशांश मिलिमीटर वाढते. ही त्याच्या जवळजवळ एक तृतीयांशच वाढते. फुगणे कमी, म्हणून ओढाताण कमी. या काचेच्या गॅसबत्तीच्या चिमण्या खूप खपल्या.

अमेरिकेत हीच अडचण रेल्वेला होती. आत ज्योत, बाहेर बर्फ; सिग्नलचा कंदील ऐन वेळी फुटला तर गाडीतल्या माणसांच्या जिवाशी गाठ. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावच्या काच कारखान्यात यूजीन सलिव्हन आणि विल्यम टेलर यांनी कमी फुगणारी काच तयार केली. ती इतकी टिकाऊ निघाली की नव्या काचांची मागणीच घटली म्हणे! आता या काचेचे आणखी काय करावे, हा कारखान्यापुढे प्रश्न पडला.

तो सुटला एका गृहिणीमुळे. त्याच कारखान्यातले शास्त्रज्ञ जेसी लिटल्टन यांच्या पत्नी बेसी यांचे मातीचे भांडे भट्टीत तडकले. त्यांनी नवऱ्याला कारखान्यातून काही टिकाऊ आणायला सांगितले. १९१३ साली त्यांनी बॅटरीच्या काचपात्राचे कापलेले बूड आणून दिले आणि बाईंनी त्यात केक भाजला. केक एकसारखा भाजला आणि काचेला धक्काही लागला नाही. ग्रंथांत नाव बहुधा नवऱ्याचे आधी येते. पण नड बाईंची होती आणि परीक्षाही त्यांनीच घेतली. त्या काचेत शिसे होते, म्हणून शिशाविना नवी काच केली आणि १९१५ साली ‘पायरेक्स’ भांडी बाजारात आली.

पण थांबा. ही भांडी भट्टीची, चुलीची नव्हेत. भट्टीत ऊब चारी बाजूंनी लागते. चुलीवर बूड तापते आणि कड थंड राहते. म्हणून १९३६ साली खास चुलीवरची वेगळी काच निघाली. तिलाही विजेच्या शेगडीवर खाली तारेची जाळी द्यावी लागे. शिक्षक बंधुभगिनींना ही जाळी परिचयाची आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण बीकरखाली ती ठेवतोच. कॉर्निंगच्याच सहकार्याने १९६२ साली मुंबईत सुरू झालेल्या बोरोसिलचे नाव त्या बीकरवर पुष्कळदा असते.

पुढची पायरी चुकीतून आली. १९५३ साली कॉर्निंगमधल्या डोनाल्ड स्टूकी यांनी काचेचा तुकडा ६०० अंशांवर तापवायला ठेवला, आणि भट्टी ९०० पर्यंत गेली. वितळलेला गोळा मिळेल असे त्यांना वाटले. हाती आला पांढरा घट्ट पत्रा. तो चिमट्यातून निसटून फरशीवर पडला, खणखणला, पण फुटला नाही. काचेच्या पोटात बारीक स्फटिक धरले होते. पुढे असे स्फटिक घडवता आले की जे तापल्यावर उलट आकसतात. भोवतालची काच फुगते, हे आकसतात आणि वाढ जवळजवळ शून्य होते. १९५८ साली याची भांडी निघाली. १९७१ साली शॉट कंपनीने शेगडीचा सपाट माथाही अशाच काचेचा दाखवला. खाली तार लाल होते, उष्णता माथ्यातून सरळ वर येते, आणि चुलीबाहेरचा भाग हात लावण्याजोगा राहतो.

अशा शेगडीवर याच स्फटिकी काचेचे, सपाट बुडाचे पातेले चालते. बुडाला खोलगटपणा असेल तर उष्णता एका ठिकाणी साठते. भट्टीचे बोरोसिलिकेट भांडे मात्र तिच्यावर चढवू नये. नावावरही जाऊ नये बरं का: अमेरिकेतली पायरेक्स भांडी पुढे साध्या, पण कडक केलेल्या काचेची होऊ लागली. भांड्याखाली काय छापले आहे तेच वाचावे. आणि आपल्याकडे आता घरोघरी येणारी इंडक्शन शेगडी दिसते तशीच काळी, पण ती तापवते चुंबकाने, आणि तेही लोखंडी बुडाचे भांडे. काचेचे पातेले तिच्यावर तासभर ठेवा, पाणी गारच राहील.