‘उपयोगी’ या शब्दाचे कूळ

प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रातील अकराव्या वचनात एक श्लेष आहे. अनेसिम या नावाचाच ग्रीक अर्थ ‘लाभदायक’ असा होतो व ते नाव दासांना सर्रास दिले जाई. तरी त्या नावाचा धातू न घेता पौल येथे ‘आख्रेस्तोस’ व ‘युख्रेस्तोस’ ही जोडी योजतो. आपल्या प्रचलित अनुवादात तेथे ‘निरुपयोगी’ व ‘उपयोगी’ हे शब्द आहेत. ‘ख्रेस्तोस’ व ‘ख्रिस्तोस’ यांच्या उच्चारांत त्या काळी फारसे अंतर उरले नव्हते. विरोधकांना आमचे नावही धड उच्चारता येत नाही, अशी तक्रार तर्तुल्यनाने इ. स. १९७ च्या सुमारास केली होती.

इंग्रजीत १६११ च्या अनुवादाने येथे ‘प्रॉफिटेबल’ हा शब्द घेतला, तर १९४६ च्या सुधारित नव्या कराराने ‘यूसफुल’. ‘प्रॉफिट’ म्हणजे मुळात पुढे सरकणे, प्रगती. वहीखात्याचा वास त्याला पुढे लागला. ‘यूस’, ‘युटिलिटी’ आणि भांडे या अर्थाचा ‘युटेन्सिल’ ही सर्व ‘वापरणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूची संतती होय. व्याजाचा ‘युझरी’ हाही त्यांचाच भाऊबंद, कारण व्याज म्हणजे पैशाच्या वापराचा मोबदला. ‘सर्व्हिस’ या आपल्या नित्याच्या शब्दाच्या मुळाशी तर ‘सेर्वुस’, म्हणजे दासच, उभा आहे. वारो या रोमी ग्रंथकाराने इ. स. पूर्व ३७ मध्ये शेतीच्या साधनांची एक विभागणी नोंदवली आहे: मुकी साधने म्हणजे गाड्या, अर्धवट आवाज असलेली म्हणजे बैल आणि बोलणारी म्हणजे दास. अनेसिम हा या तिसऱ्या वर्गातला.

आपला ‘उपयोग’ शब्दही गोठ्यापासून फार दूर नाही. ‘युज्’ म्हणजे जोडणे, जुंपणे. त्यापासून ‘युग’, त्यापासून ‘जू’, आणि इंग्रजी ‘योक’ही त्याच प्राचीन कुळातला. मत्तय ११:३० मध्ये जुवाला लावलेले ‘सोयीचे’ हे विशेषण ग्रीकमध्ये पुन्हा ‘ख्रेस्तोस’च आहे, ही गोष्ट उपदेशकांनी अवश्य ध्यानी घ्यावी.

निर्णा व त्याभोवतालच्या बिदर-कलबुर्गी सीमाभागात या शब्दांची सरमिसळ अधिकच आहे. ‘फायदा’ अरबीतून आला, ‘बेकार’ फारसीतून. कन्नडात ‘प्रयोजन’ म्हणजे उपयोग, फायदा. मराठीत तोच शब्द हेतू दर्शवतो, अथवा ‘कार्यप्रयोजन’ होऊन मंगलकार्याला जातो. दोन्ही भाषा बोलणाऱ्या मंडळीत हा भेद न सांगता पुढे गेल्यास अर्थ निसटतो. शिवाय येथे ‘वेठ’ हाही शब्द आहे, संस्कृत ‘विष्टि’चा वंशज. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. म्हणजे ज्यांच्या आजोबांचे मोल केवळ कामावर ठरत असे, अशी माणसे आज आपल्यापुढे बसलेली असतात. ‘तो आता उपयोगी झाला’ एवढेच सांगून थांबणारे प्रवचन त्यांना मालकाच्या तोंडचे वाटले, तर दोष श्रोत्यांचा नव्हे.

पौल तेथे थांबलेला नाही. सोळाव्या वचनात तो ‘दास’ हा शब्द मागे टाकून ‘बंधू’ म्हणतो. आणि अनेसिमाच्या नावाचा जो धातू त्याने अकराव्या वचनात बाजूला ठेवला होता, तो विसाव्यात येतो. तेथे लाभ मागितला आहे तो फिलेमोनाकडून.