घोड-भीमेच्या काठचा गळ

शुभवर्तमानांत मासेमारीचे प्रसंग अनेक आहेत. परंतु ते जवळजवळ सगळे जाळ्याचे आहेत. पेत्र आणि आंद्रेय जाळे टाकीत असता त्यांना पाचारण झाले. रात्रभर कष्ट करूनही रिकामे राहिलेले जाळे प्रभूच्या शब्दावर भरून आले. गळाचा उल्लेख मात्र संपूर्ण नव्या करारात एकदाच येतो. मंदिराचा कर मागणारे कफर्णहूमला पेत्राकडे आले, तेव्हा प्रभूने त्याला समुद्रावर जाऊन गळ टाकण्यास सांगितले. पहिल्याच माशाच्या तोंडात दोघांच्या कराइतके नाणे सापडेल, असे आश्वासन दिले. मत्तयाच्या सतराव्या अध्यायातील हा प्रसंग वाचताना माझ्या मनात नेहमी एक विचार येतो. जाळे थव्यासाठी असते, गळ एकाच माशासाठी. ज्याला एकच मासा हवा आहे, त्याला त्या माशाची ओळख असावी लागते.

हा विचार पुन्हा जागा होण्यास एक लहानसे निमित्त झाले. दौंडच्या एका रेल्वे कुटुंबातील तरुण मिस्सा आटोपल्यावर एक लांब कापडी पिशवी घेऊन माझ्याकडे आला. आत तीन तुकड्यांत जोडायची जुनी काठी होती. चिरलेल्या बांबूच्या सहा पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली, सांध्यांवर पितळी नळ्या बसवलेली. सोबत एक जड पितळी रीळही होते.

"फादर, आजोबांची काठी आहे ही. कुण्या साहेबानं जाताना त्यांना दिली होती म्हणतात. उजनीच्या पाण्यावर चालेल का?"

त्याला चटकन उत्तर देता आले नाही. कारण ती काठी कोणत्या माशासाठी घडवली होती आणि तो मासा आज कोठे आहे, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचाच विस्तार होय.

वसईचा तह आणि शिरूरची छावणी

आपल्या वसईकर वाचकांना ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह शाळेपासून ठाऊक आहे. त्या तहान्वये पेशव्याने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि या फौजेचे मोठे ठाणे घोड नदीच्या काठी, शिरूर येथे वसले. आजही जुनी माणसे शिरूरला 'घोडनदी' असेच म्हणतात. या फौजेचा सेनापती कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये येथेच वारला. त्याची समाधी आजही शिरूरला आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी याच छावणीतून निघाली होती.

छावणी आली तेव्हा नदी काही रिकामी नव्हती. भोई आणि कोळी यांची वस्ती काठाला पिढ्यान्‌पिढ्या होती. फेकजाळे, लांब दोरीला ठरावीक अंतराने बांधलेले गळ, बांबूची साधी काठी, तरंगण्यासाठी ज्वारीच्या ताटाचा तुकडा आणि आमिषाला गांडूळ किंवा कणकेची गोळी, एवढ्या सामग्रीवर त्यांचा संसार चाले. कोणता मासा कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, किती खोलीवर मिळतो, हे त्यांना तोंडपाठ असे. हे ज्ञान कोणत्याही पोथीत नव्हते. प्रत्येक माशाला ठेवलेल्या मराठी नावांत मात्र ते साठवलेले होते.

कर्नल साइक्सची यादी

ही नावे कागदावर आणण्याचे श्रेय एका सैनिकाकडे जाते. विल्यम हेन्री साइक्स (१७९० ते १८७२) हा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतील अधिकारी. खडकीच्या लढाईत तो होता. पुढे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२४ मध्ये त्याची दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामी नेमणूक केली. लोकसंख्या, पिके आणि हवामान यांची नोंद करता करता या गृहस्थाने पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदवले. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे आला आणि १८३९ ते १८४१ या काळात छापला गेला. त्यात चाळिसांहून अधिक जातींची वर्णने आहेत.

या निबंधाची थोरवी मला वेगळ्याच गोष्टीत वाटते. नव्या जातींना शास्त्रीय नावे देताना साइक्सने काही ठिकाणी आपल्या विद्वान मित्रांची नावे वापरली. पण कितीतरी ठिकाणी त्याने काठावरच्या माणसाच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा उचलला. घोगऱ्याचे लॅटिन नाव 'गोग्रा' झाले, शिंगटीचे 'सींगटी'. नुकटा, कोळस, फुलंगी, मळ्या, खुदरी हे शब्दही असेच लॅटिनच्या अंगरख्यात शिरले. आज जपानचा किंवा जर्मनीचा मत्स्यशास्त्रज्ञ दख्खनच्या महाशीर माशाला 'टॉर खुदरी' म्हणतो, तेव्हा नकळत तो पुण्याच्या पूर्वेकडील एखाद्या अनाम भोयाचा शब्द उच्चारत असतो. त्या भोयाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याचा शब्द मात्र टिकला.

आपल्या भागाचा मान या निबंधात मोठा आहे. प्रचंड वाढणाऱ्या 'मुसुल्ला' नावाच्या माशाच्या वर्णनात शिरूरच्या घोड नदीचा उल्लेख येतो, तर आणखी काही जाती भीमेकाठच्या 'पैरगाव'च्या नावे नोंदल्या आहेत. घोड पुढे भीमेला मिळते. मुळा-मुठेचा आणि भीमेचा संगम शिरूर-दौंडच्या सीमेवर रांजणगाव सांडस येथे होतो. या सर्व नद्यांचे पाणी दौंडवरून पुढे जाते. साइक्सच्या दृष्टीने हा टापू म्हणजे माशांचे उघडे ग्रंथालयच होते.

साहेबाची काठी

पुणे आणि दिक्साळ यांदरम्यान आगगाडी १८५८ मध्ये सुरू झाली. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाल्यावर दौंड हे मोठे जंक्शन बनले. रेल्वेबरोबर अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि तमिळ ख्रिस्ती कुटुंबे येथे आली, आणि सुटीच्या दिवशी गळ टाकण्याचा छंदही आला. छंदासाठी मासेमारी ही कल्पना युरोपात तेव्हा जुनी झाली होती. गळाच्या मासेमारीवरील पहिले छापील इंग्रजी पुस्तक १४९६ चे. परंपरेने ते सोपवेलच्या एका मठाधिकारिणीच्या, डेम जुलियाना बर्नर्स यांच्या नावावर सांगितले जाते. गळाच्या ग्रंथांच्या आरंभी परंपरेने एका संन्यासिनीला स्थान द्यावे, याची आम्हा धर्मगुरूंना थोडी गंमत वाटते.

हिंदुस्थानातील साहेबांचा मार्गदर्शक ग्रंथ मात्र १८७३ चा. मद्रास सनदी सेवेतील हेन्री सलिव्हन टॉमस याने तो लिहिला. त्याचे सारे लक्ष महाशीरवर होते. हा मासा ओढीला असा लागतो की त्याची पहिलीच धाव सर्वांत जोराची असते. म्हणून रिळावर शंभर यार्डांहून अधिक दोरी हवी. त्याच्या जबड्यात दात नसतात, परंतु घशात असतात, आणि तोंडाची मिठी इतकी बळकट की हलका गळ चेंगरून जातो. म्हणून गळ जाड तारेचा हवा. तो लहान माशांवर झडप घालतो. म्हणून पाण्यात चमकत फिरणारा धातूचा चमचा हे त्याचे आमिष.

त्या तरुणाच्या हातातील काठी या हिशेबाने घडलेली होती. दोरी रेशमाची, प्रत्येक वेळी वाळवली नाही तर कुजणारी. गळाजवळचा शेवटचा तुकडा रेशीमकिड्याच्या तातीचा. कोरडा असता ठिसूळ, म्हणून गाठ मारण्यापूर्वी भिजवावा लागे. १९३८ मध्ये नायलॉन जाहीर झाले आणि पुढे काही वर्षांतच ही सारी दगदग संपली. त्यापूर्वी, १९०५ मध्ये, इंग्लंडच्या इलिंगवर्थ नावाच्या कापड गिरणीवाल्याने चातीवरून सूत सुटते तशी दोरी सोडणारे स्थिर रीळ आणले होते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रिळांचा तोच पूर्वज. काठीही बांबूकडून काचतंतूकडे आणि १९७० च्या दशकात कार्बनकडे गेली.

तोंड पाहून गळ

साधने बदलली तरी निवडीचा नियम बदललेला नाही. तो असा की, माशाचे तोंड पाहावे. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तो वरच्या थरात चरतो, म्हणून तरंडा ठेवून आमिष उथळ सोडावे. मृगळाचे तोंड खाली असते. त्याच्यासाठी कणकेची गोळी तळाशी बसली पाहिजे. रोहू या दोहोंच्या मधला. ओठ मऊ, म्हणून गळ लहान आणि झटका हलका. मरळ हवा घेण्यासाठी पृष्ठभागावर येतो आणि शेवाळाच्या आडोशाला दबा धरतो. तेथे जाड दोरी हवी, नाहीतर तो शेवाळात घुसून ती तोडतो. पिलांची राखण करीत असलेल्या मरळीवर मात्र कोणी गळ टाकू नये. वाम दगडांच्या सांदीत वळसा घालून बसते. तिला गांडूळ आणि बळकट दोरी. शिंगट्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांजवळ काटे असतात. तो गळातून सोडवताना हात सांभाळावा.

खाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी, आणि ती आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकांना अधिक ठाऊक. नदीत प्रवाह एकाच दिशेने वाहतो. समुद्रात भरती-ओहोटीचे पंचांग पाहूनच बाहेर पडावे लागते. लाटांच्या पलीकडे शिसे फेकायचे तर काठी लांब हवी. साधा गळ खाऱ्या पाण्यात गंजतो. म्हणून कल्हई केलेला किंवा न गंजणाऱ्या पोलादाचा वापरावा. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुतले नाही तर पुढच्या खेपेस ते फिरत नाही. खाडीतला जिताडा जिवंत कोळंबीवर येतो, पण त्याच्या कल्ल्याची धार दोरी कापते; सुरमईचे दात तर नायलॉन सहज तोडतात, तिच्यासाठी शेवटी तारच हवी. पाणी गोडे असो वा खारे, ज्याने मासा ओळखला नाही त्याची महागडी काठी केवळ मिरवण्यापुरती.

बदललेली नदी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या माशासाठी ती काठी केली, तो दौंडच्या पाण्यात आज आहे काय?

१९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या अभ्यासकांनीही याद्या केल्या. या याद्या एकापुढे एक ठेवून वाचल्या की जुनी नावे गळत जाताना आणि बाहेरून आलेली वाढत जाताना दिसतात. घोड नदीवर चिंचणीचे धरण १९६५ मध्ये झाले. भीमेवरील उजनी १९८० मध्ये पूर्ण झाले आणि तिचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत आला. वाहत्या, खडकाळ पाण्यात वाढणाऱ्या माशाला साचलेले पाणी मानवत नाही. त्यातच पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमा या वाटांनी खाली येते. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच मनाई केली आहे. पण कायदा कागदावर असतो आणि नदी गावाबाहेर.

कटला, रोहू आणि मृगळ हे आपण 'गावरान' समजतो; वस्तुतः ते गंगेच्या खोऱ्यातील पाहुणे, तलावांत मुद्दाम सोडलेले. उजनीत मुबलक सापडणारी चिलापी ही तर मूळची आफ्रिकेची; ती १९५२ मध्ये भारतात आली. गालील सरोवरातील तिच्याच कुळातल्या माशाला लोक 'संत पेत्राचा मासा' म्हणतात. ज्या माशाच्या तोंडात नाणे सापडल्याचे आपण सांगतो, त्याचाच भाऊबंद भिगवणच्या बाजारात येतो आणि अनेक मच्छीमार कुटुंबांचे पोट भरतो, हे आपण कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तथापि तो वाढत असता मूळचे मासे मागे हटत गेले, हेही तितकेच खरे.

या हानीला एक उजळ बाजू आहे. टाटा वीज कंपनीच्या लोणावळ्याच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची कृत्रिम पैदास झाली आणि तेथील पिले देशातील अनेक नद्यांत सोडली गेली. पण येथेही एक धडा मिळाला. ही खुदरी कावेरीत रुजली आणि तेथल्या मूळच्या पाठीवर कुबड असलेल्या महाशीरवर संकट आले. हेतू चांगला असूनही नदीची ओळख अपुरी पडली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्रत्येक जीवजातीला, ती आपल्या उपयोगी पडो वा न पडो, स्वतःचे मोल आहे असे शिकवले. आपल्या धर्मग्रामांत या शिकवणुकीवर प्रवचने झाली. परंतु आपल्या दारातल्या नदीतील पाच माशांची नावे किती मुलांना सांगता येतील?

त्या तरुणाला मी शेवटी असे सांगितले: "बाळा, ही काठी उजनीवर नेऊ नकोस. तिचा सरस इतक्या वर्षांत सुटला असेल, एका ओढीत ती मोडेल. ती घरात जपून ठेव. पाण्यावर जाताना साधी काठी आणि लहान गळ घे. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाक, म्हणजे सोडायचा मासा जखमी न होता सुटेल. त्याला धरताना हात ओले ठेव. चिलापी मिळाली तर घरी आण, तुझ्या आईला आवडेल. दुसरा काही मिळाला तर आधी काठावरच्या म्हाताऱ्या भोयाला त्याचं नाव विचार, आणि वहीत लिहून ठेव."

पुढच्या रविवारी तो वही घेऊन आला. तिच्यात तीन नावे होती. दोन मला ठाऊक होती. तिसरे साइक्सच्या यादीत आहे का, ते आम्ही दोघे मिळून शोधतो आहोत.