वैद्यकीय प्रवेश आणि उमेदवाराचे वय : रखमाबाईंपासून 'नीट'पर्यंत

प्रस्तावना

वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास लिहिताना महाविद्यालयांची स्थापना, अभ्यासक्रम, रुग्णालये आणि पदव्या यांचा विचार विस्ताराने झालेला आहे. विद्यार्थी या शिक्षणाच्या दाराशी कोणत्या वयात पोहोचतो आणि त्याच वयात का पोहोचतो, या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. वयाने मोठ्या उमेदवाराला प्रवेशपरीक्षा केव्हा द्यावी हे ठरवावे लागते. हा निर्णय वरवर पाहता सर्वस्वी वैयक्तिक वाटतो. एखादी माजी विद्यार्थिनी पदवी, नोकरी, विवाह या सर्व टप्प्यांनंतर बारावीच्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मागण्यासाठी महाविद्यालयात येते आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यावयाची असल्याचे सांगते, तेव्हा 'आता या वयात?' असा उद्गार आपल्यापैकी अनेकांच्या तोंडून सहज निघून जातो. या उद्गारात असे गृहीत धरलेले असते की झालेला उशीर हा तिचा स्वतःचा उशीर आहे. हे गृहीतक कितपत टिकते, हे एका परिचित चरित्राच्या आणि अलीकडील एका नियमाच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन समवयस्क स्त्रिया

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, तर आनंदीबाई जोशी यांचा ३१ मार्च १८६५ चा. दोघींच्या वयांत जेमतेम चार महिन्यांचे अंतर होते. दोघींचे विवाह बालवयात झाले आणि दोघीही पुढे परदेशी जाऊन डॉक्टर झाल्या. परंतु आनंदीबाईंनी ११ मार्च १८८६ रोजी, म्हणजे एकविसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वी, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. पदवी संपादन केली. रखमाबाईंना वैद्यकीय व्यवसायाची अर्हता मिळण्यास १८९४ साल उजाडले. आठ वर्षांचा हा फरक बुद्धीचा किंवा इच्छाशक्तीचा मानता येत नाही. तो त्या काळात त्यांचे आयुष्य कोणाच्या हाती होते याचा फरक आहे.

रखमाबाईंचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. विवाहानंतर शाळा सुटली. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे स्वतः नामवंत वैद्यक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या घरी राहून रखमाबाईंनी जे वाचन केले तेच त्यांचे शिक्षण ठरले. १८८३ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार स्त्रियांसाठी उघडले. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. एडिथ पीची या ब्रिटिश स्त्री-डॉक्टर मुंबईत दाखल झाल्या. एकोणिसाव्या वर्षात असलेल्या आणि वैद्यकीच्या वातावरणात वाढलेल्या मुलीसाठी याहून अनुकूल काळ दुसरा नव्हता. नेमक्या त्याच सुमारास, १८८४ मध्ये, दादाजींनी पत्नीने आपल्या घरी नांदावयास यावे यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला.

दाव्याचा तपशील अभ्यासकांना ज्ञात असल्याने येथे तो केवळ कालगणनेपुरता पाहू. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. १८८६ मध्ये अपिलात तो फिरविण्यात आला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी समेट मान्य केला. म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंतचा काळ न्यायालयाच्या तारखांनी व्यापला. ज्या वर्षांत अन्य विद्यार्थी शरीररचनाशास्त्राची परीक्षा देत असतात, ती वर्षे त्यांनी आपण कोणाच्या मालकीच्या नाही हे सिद्ध करण्यात घालविली.

आनंदीबाईंचे पुण्यात २६ फेब्रुवारी १८८७ रोजी निधन झाले आणि त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी फॅरन यांचा आदेश आला. या योगायोगाला अधिक अर्थ चिकटवू नये, हे खरे. पण तो नजरेआड करणेही कठीण आहे.

आनंदीबाईंचे 'वेळेवर' डॉक्टर होणे हेही सर्वस्वी त्यांच्या निवडीचे नव्हते, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, त्या दुःखातून वैद्यकीचा निश्चय त्यांनीच केला; पण शिक्षणाची गती आणि दिशा ठरविण्यात गोपाळरावांच्या आग्रहाचा वाटा मोठा होता. एका पतीने पत्नीला पुढे ढकलले, दुसऱ्याने मागे ओढले. प्रवेशाच्या वेळचे वय दोन्ही प्रसंगी पतीच्या वर्तनावर अवलंबून राहिले.

लंडनचे विद्यालय आणि त्याच्या वडीलधाऱ्या विद्यार्थिनी

१८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि स्त्रियांच्या लंडन वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. या प्रवासामागे डॉ. पीची यांचा पाठिंबा होता. पीची यांच्या स्वतःच्या चरित्राकडे पाहिले असता या पाठिंब्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

१८६९ च्या ऑक्टोबरमध्ये एडिंबरो विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला १५२ उमेदवार बसले होते. त्यांत पाच स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी चौघींनी पहिल्या सात क्रमांकांत स्थान मिळविले. पीची तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या, त्यांच्या सहकारी सोफिया जेक्स-ब्लेक एकोणतीस वर्षांच्या. पुढील वर्षी रसायनशास्त्रात पीची यांनी मिळविलेल्या क्रमांकावर त्यांचा हक्क असलेली शिष्यवृत्ती त्यांना नाकारण्यात आली. नोव्हेंबर १८७० मध्ये परीक्षागृहाच्या दारात जमावाने या विद्यार्थिनींना अडविले. १८७३ मध्ये तर स्कॉटलंडच्या न्यायालयाने असा निर्णय दिला की विद्यापीठाला स्त्रियांना प्रवेश देण्याचा अधिकारच नव्हता. परिणामी प्रवेशपरीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेल्या या दोघींना एम.डी. पदवी मिळाली ती १८७७ मध्ये, तीही स्वित्झर्लंडमधील बर्न येथून. त्या वेळी पीची एकतीस वर्षांच्या, तर जेक्स-ब्लेक सदतीस वर्षांच्या होत्या. न्यायालयात हरणे म्हणजे वयाची वर्षे गमावणे, हे पीची यांना मुंबईत येण्यापूर्वीच ठाऊक होते.

रखमाबाई ज्या विद्यालयात शिकल्या त्याची स्थापना १८७४ मध्ये झाली आणि त्यात पुढाकार होता तो जेक्स-ब्लेक यांचा. त्या वेळी त्या स्वतः डॉक्टर झालेल्या नव्हत्या. ब्रिटनमध्ये तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी म्हणून नोंद होण्यापूर्वी सामान्य शिक्षणाची एक प्राथमिक परीक्षा द्यावी लागे. शाळा अर्धवट सुटलेल्या रखमाबाईंच्या दृष्टीने खरा अडसर तो होता. वयाच्या बाबतीत परवाना देणाऱ्या संस्थांचा कटाक्ष किमान मर्यादेवर असे. एकवीस वर्षांखालील व्यक्तीच्या हाती रुग्ण सोपविला जाऊ नये, ही त्यामागील काळजी होती. अधिक वयाचा विद्यार्थी त्यांना धोक्याचा वाटत नव्हता. रखमाबाईंनी १८९४ मध्ये एडिंबरो आणि ग्लासगो येथील संस्थांची संयुक्त अर्हता प्राप्त केली आणि त्या मायदेशी परतल्या. त्यानंतर प्रामुख्याने सुरत आणि राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे सेवा केली.

स्वतःचे वय स्वतः ठरविण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभले. आल्बर्ट श्वाइट्झर यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि संगीत यांची उपासना करावी, त्यानंतर प्रत्यक्ष सेवा करावी, असे त्यांनी एकविसाव्या वर्षीच ठरविले होते. त्याप्रमाणे १९०५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांनी स्ट्रासबर्गमध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू केले आणि १९१३ मध्ये ते आफ्रिकेतील लांबारेने येथे गेले. हे उदाहरण प्रेरक आहे यात शंका नाही, तथापि ते सार्वत्रिक मानण्याची घाई करू नये. श्वाइट्झर हे तेव्हा अविवाहित, विद्यापीठात स्थिरावलेले आणि ख्यातकीर्त पुरुष होते. त्यांचा उशीर हा त्यांचा संकल्प होता. रखमाबाईंचा उशीर दुसऱ्यांनी त्यांच्यावर लादलेला होता. प्रवेशअर्जावर मात्र या दोन्ही उशिरांची नोंद एकाच रकान्यात, जन्मतारखेच्या रकान्यात, होते.

पंचविशीची रेषा

स्वतंत्र भारतात वैद्यकीय प्रवेशाचा आधार दीर्घकाळ बारावीचे गुण हाच राहिला. त्यानंतर सामाईक परीक्षा आल्या आणि २०१६ पासून 'नीट' ही राष्ट्रीय परीक्षा स्थिरावली. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या १९९७ च्या विनियमांत किमान वय १७ वर्षे ठरविलेले होते. कमाल वयाचा वाद पेटला तो 'नीट'च्या काळात. २०१७ च्या परीक्षेसाठी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने पंचवीस वर्षांची कमाल मर्यादा जाहीर केली. परंतु तिला परिषदेच्या विनियमाचे पाठबळ नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती अधिक वयाच्या उमेदवारांना परीक्षेस बसण्याची मुभा दिली. तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये विनियमातच दुरुस्ती करण्यात आली. खुल्या प्रवर्गासाठी पंचवीस आणि आरक्षित प्रवर्ग व दिव्यांग उमेदवारांसाठी तीस वर्षे अशी ही रेषा होती. मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे २०१९ च्या परीक्षेचे अर्ज भरण्यास परवानगी दिली, मात्र प्रवेश अंतिम निकालाच्या अधीन ठेवला. पुढे परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २१ ऑक्टोबर २०२१ च्या बैठकीत ही मर्यादा रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि मार्च २०२२ मध्ये तो कळविण्यात आला.

या पाच वर्षांत सव्विसाव्या वर्षात असलेल्या उमेदवाराची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करता येते. परीक्षा केव्हा द्यावी हे ठरविण्यासाठी त्याला आधी न्यायालयाची पुढील तारीख पाहावी लागे. अभ्यास करावा, परीक्षा द्यावी, गुण मिळवावेत आणि तरीही प्रवेश टांगणीलाच राहावा, अशी ही स्थिती होती. मुंबई उच्च न्यायालयातील १८८४ ते १८८८ या काळाची आठवण येथे अपरिहार्यपणे होते, जरी दोन्ही प्रसंगांच्या तीव्रतेची तुलना होऊ शकत नाही.

कमाल मर्यादेच्या समर्थनार्थ सामान्यतः दोन मुद्दे मांडले जातात. डॉक्टर घडविण्यावर शासनाचा मोठा खर्च होतो, म्हणून त्याची सेवा अधिकाधिक वर्षे मिळावी, हा पहिला. त्याला रखमाबाईंची पस्तीस वर्षे हे पुरेसे उत्तर आहे. जागा थोड्या आणि उमेदवार फार, हा दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. २०२४ मध्ये तेवीस लाखांहून अधिक उमेदवार 'नीट'ला बसले, तर एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या पुढे होत्या. परंतु ही गर्दी निवडण्यासाठीच तर परीक्षा घेतली जाते. गुणांच्या चाळणीतून गेलेल्या उमेदवाराला वयाची दुसरी चाळणी लावण्याने निवडीची गुणवत्ता वाढते, असे दाखविता येत नाही.

ही रेषा मागे नेऊन पाहिली तर काय दिसते? एकोणतिसाव्या वर्षी परीक्षा देणाऱ्या जेक्स-ब्लेक अपात्र ठरतात आणि त्यांनी उभारलेले विद्यालयही संशयास्पद होते. रखमाबाईंचे पंचविसावे वर्ष २२ नोव्हेंबर १८८९ रोजी पूर्ण झाले. प्रवास आणि प्रवेश यांचे वर्षही तेच. दादाजींनी समेट आणखी एक वर्ष लांबविला असता तर त्या रेषेपलीकडे गेल्या असत्या आणि दाव्यात न मिळालेला विजय त्यांना वयाच्या नियमाने मिळवून दिला असता. नियमाने त्यांना विचारले असते ते केवळ वय. ती चार वर्षे कोणी घेतली, हे विचारण्याची सोय त्यात नव्हती.

गमतीची गोष्ट अशी की याच परीक्षेत वय हे काही काळ अधिक गुणासारखेही चालले. २०२० मध्ये दोन उमेदवारांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले, तेव्हा वयाने मोठ्या असलेल्या उमेदवाराला पहिला क्रमांक देण्यात आला. वय एके ठिकाणी दोष आणि दुसऱ्या ठिकाणी गुण कसे ठरते, याचे समाधानकारक स्पष्टीकरण प्रस्तुत लेखकाला सापडलेले नाही.

कमाल मर्यादा गेल्यामुळे निर्णयाचा भार आता बऱ्याच अंशी उमेदवाराकडे आला आहे, परंतु हिशेब सोपा झालेला नाही. 'नीट' साधारणतः वर्षातून एकदा, मे महिन्यात होते. तिचे गुण त्याच वर्षाच्या एमबीबीएस प्रवेशाला चालतात. अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा असल्याने दहा वर्षांपूर्वीचे भौतिकशास्त्र पुन्हा उघडावे लागते. पूर्वी बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्याला हा मार्गच बंद होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने हा विषय बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होण्यास मान्यता दिली. म्हणजे गणित घेऊन बारावी झालेल्या, आज बँकेत वा कारखान्यात नोकरी करणाऱ्या तिशीतील उमेदवाराने प्रथम मंडळाची परीक्षा द्यावी आणि मग 'नीट'. त्यात किमान एक वर्ष जाते. पुढे साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता. २०२३ च्या विनियमांनुसार अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी प्रवेशापासून कमाल नऊ वर्षे मिळतात. गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मागणारी आपली माजी विद्यार्थिनी हा सर्व हिशेब घरी बसून करूनच महाविद्यालयाच्या कार्यालयात आलेली असते, आणि ती प्रत अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वी तिच्या हाती पडणे एवढीच तिची आपल्याकडून अपेक्षा असते.