लग्नगडी
लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी सावकार-जमीनदाराकडे राबणारा वेठगुलाम. ही पद्धत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू-उंबरगाव पट्ट्यात वारली समाजात रूढ होती. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली, तरी कर्जाच्या आडून ती टिकली. नवऱ्याबरोबर बायकोही बांधली जाई. दोघे शेतात, गवतकापणीला नि मालकाच्या घरी राबत, कर्ज मात्र फिटत नसे. २३ मे १९४५ रोजी झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली. किसान सभेच्या चळवळीतून लग्नगडी मुक्त झाले. याच चळवळीत १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. हा दिवस तेथे हुतात्मा दिन म्हणून पाळतात. वेठबिगारीविरुद्धचा देशव्यापी कायदा १९७६ मध्ये झाला.