आजाऱ्याची गाडी कुठे उभी करावी?

दिंडीच्या शंभर वर्षांचा इतिहास म्हटला की विणेकरी, मुक्काम, अन्नदाते यांची आठवण आधी येते. ती या ग्रंथात इतरत्र आलीच आहे. आम्ही इथे वेगळा इतिहास मांडतो. वाटेत वारकरी आजारी पडला तर मदत किती लवकर पोचली, आणि त्यातून आपण काय शिकलो, हा.

जुन्या काळी गाडी म्हंजे बैलगाडी. यात्रेत पटकीची साथ पुन्हा पुन्हा यायची. आजारी पडेल त्याला गाडीत घालायचे, पुढच्या गावी धर्मशाळेत ठेवायचे, आणि विठ्ठलाच्या भरवशावर पुढे निघायचे. दुसरा इलाज नव्हता.

पुढे ट्रक आला. सोय झाली, पण ट्रक पहाटेच राहुट्या आणि शिधा घेऊन पुढच्या मुक्कामाला जातो. दिंडी वाटेवर आणि गाडी मुक्कामावर! याची किंमत आम्हाला दिवेघाटात कळली. १०८ ची गाडी यायच्या आधीची गोष्ट. पुण्याहून सासवडला जाताना आपले एक जुने टाळकरी अर्ध्या घाटात छातीला हात लावून खाली बसले. ट्रक सासवडात. मागे एक रुग्णवाहिका होती, पण लाखभर माणसांतून ती वर येणार कशी? घोंगडीची झोळी करून पोरांनी त्यांना घाटमाथ्यावर नेले. तोवर सारे संपले होते. दोष कुणाचाच नव्हता. गाडी होती, पण जागा चुकली होती.

ही चूक जगाने फार पूर्वी ओळखली आहे. फ्रान्सच्या सैन्यात जखमींच्या गाड्या रणापासून लांब उभ्या असत, लढाई संपली की येत. लारे नावाच्या शल्यवैद्याने १७९२ साली हलक्या घोडागाड्या केल्या आणि त्या लढाईच्या जवळच ठेवल्या. अंतर कमी झाले. माणसे वाचू लागली.

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ ची सेवा सुरू झाली. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ मध्ये गंभीर रुग्णासाठीची पूर्ण साधने, आणि गाडीत डॉक्टर. फोन पुण्याच्या केंद्रात लागतो, तिथून जवळची गाडी सुटते. शहरात २० मिनिटांत आणि खेड्यात ३० मिनिटांत पोचायचे, असा नेम ठेवला. म्हणूनच साऱ्या गाड्या एका दवाखान्याच्या दारात न ठेवता ठिकठिकाणी उभ्या करतात. २०१७ साली मुंबईत मोटारसायकलवरची रुग्णवाहिकाही आली. गर्दीत जिथे मोठी गाडी अडते, तिथे ती निघून जाते. तुळशीच्या माळेत १०८ मणी असतात, त्यामुळे हा आकडा वारकऱ्याला पाठ करावा लागत नाही.

घाटाचा हिशेब सोपा आहे. गर्दी एकाच दिशेने चालते, म्हणून एक गाडी पायथ्याला हवी आणि एक माथ्याला. अर्ध्याच्या वर पडला तर माथ्यावरून खाली यायचे, अर्ध्याच्या खाली पडला तर पायथ्याकडे न्यायचे. पालखीच्या मागे रांगणारी गाडी मागच्यांच्याच कामाची.

आपल्या भिवंडीत हे वेगळे का आहे? माणकोलीला, अंजूरफाट्याला कंटेनरची रांग लागली की गाडी जागची हलत नाही. ठाण्याला न्यायचे तर खाडीवरचा पूल ओलांडावा लागतो. मागावर काम करणाऱ्याला, गोदामातल्या हमालाला खाडीपलीकडची गाडी काय कामाची? ती अलीकडेच उभी हवी.

पण गाडी कितीही जवळ असो, हृदय बंद पडले की दर मिनिटाला वाचण्याची आशा सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. पहिली पाच मिनिटे शेजारच्या माणसाचीच असतात. म्हणून शंभराव्या वर्षी आम्ही तीन नेम सांगतो. निघण्याआधी त्या दिवशीच्या गाड्या कुठे उभ्या आहेत ते विणेकऱ्यापासून तुळसवाल्या माऊलीपर्यंत सर्वांना माहीत असावे. रस्त्याची एक कड मोकळी ठेवावी. आणि प्रत्येक दिंडीत चार पोरांनी तरी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवायची विद्या डॉक्टरांकडून शिकून घ्यावी.

त्या टाळकरीबुवांचे टाळ आजही दिंडीत वाजतात. पुढच्या शंभर वर्षांत कुणाचे टाळ अर्ध्या घाटात थांबू नयेत, एवढेच माऊलींकडे मागणे.

राम कृष्ण हरी.